कॅन्सर परिषदेला निघताय? आधी हा हिशेब बघा

मुखेड तालुक्यात तुम्ही कॅन्सर रुग्णांचा आधारगट चालवता. महिन्यातून एकदा दहा-बारा जण जमतात. कुणाला मुंबईची तारीख मिळवून द्यायची, कुणाचे महात्मा फुले योजनेचे कागद पुरे करायचे, कुणाच्या घरच्यांना नुसतं शेजारी बसून धीर द्यायचा. आता एखाद्या डॉक्टरांनी सुचवलंय, 'यंदा परिषदेला या.' तुमचे प्रश्न साधे आहेत. आत घेतात का, पैसे किती, कागद कोणते आणि दिवस किती मोडतात?

आधी उत्तरं घ्या. डॉक्टर नसलात तरी बहुतेक परिषदांत प्रवेश मिळतो. मुंबईच्या दोन दिवसांच्या परिषदेला दोघं गेलात तर सतरा-अठरा हजार धरा. नोंदणी माफ झाली तर साडेदहा हजारांत भागतं. मुखेड सोडल्यापासून परत येईपर्यंत चार दिवस जातात. तयारी तीन महिने आधी सुरू करा, आणि एक मेल पाठवून उत्तर येईपर्यंत कुठेही पैसे भरू नका. तो मेल कसा लिहायचा ते खाली सांगतो.

परिषद कोणती, हे आधी ठरवा. टाटा मेमोरियलची पुराव्यावर आधारित कॅन्सर उपचारांची परिषद दरवर्षी मुंबईत होते, साधारण फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला. भाषणं डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केलेली आणि सगळी इंग्रजीत असतात. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरची वार्षिक परिषद बहुधा फेब्रुवारीत भरते आणि दर वर्षी शहर बदलतं. तिथे नर्स, समाजसेवक आणि स्वयंसेवक यांनाही जागा असते, आणि वेदना, घरची शुश्रूषा, शेवटचे दिवस असे विषय असतात. म्हणजे तुमचं रोजचंच काम. पहिल्यांदा जात असाल तर माझं मत या परिषदेला. टाटाची परिषद दुसऱ्या वर्षी करा. आणि बरे झालेल्या रुग्णांचा मेळावा एवढंच हवं असेल तर इंडियन कॅन्सर सोसायटीकडे चौकशी करा. १९५१ पासूनची ही संस्था 'उगम' नावाचा बऱ्या झालेल्यांचा गट चालवते. तिथे भाषेची अडचण कमी आणि खर्चही कमी.

आता नोंदणी. फॉर्मवर चार-पाच वर्ग असतात: डेलिगेट, पीजी विद्यार्थी, नर्स किंवा पॅरामेडिकल, 'अकंपनीइंग पर्सन', आणि कुठे कुठे 'पेशंट अ‍ॅडव्होकेट'. शेवटचा वर्ग तुमचा. तो दिसत नसला तरी विचारा. बऱ्याचदा फॉर्मवर नसतो, पण आयोजकांच्या हातात असतो. 'अकंपनीइंग' स्वस्त दिसतो म्हणून त्यावर जाऊ नका. तो डेलिगेटच्या नवरा-बायकोसाठी असतो. जेवण मिळतं, पण व्याख्यानाच्या सभागृहात बसू देतीलच असं नाही. मी एकदा हाच शहाणपणा करून दीड दिवस चहाच्या टेबलाशी काढलाय.

फीचे दर तारखेप्रमाणे चढतात. आधी 'अर्ली बर्ड', मग नेहमीचा, मग जागेवरचा. पहिल्या आणि शेवटच्या दरात दुपटीपर्यंत फरक पडू शकतो. छापलेल्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असतं, म्हणजे १८ टक्के. ३,००० वाचून निघालात तर ३,५४० भरता. त्यावर पेमेंट गेटवेचा आकार, काही ठिकाणी कार्यशाळेची वेगळी फी, रात्रीच्या जेवणाची वेगळी. 'रेसिडेन्शियल पॅकेज' असेल तर त्यातली हॉटेलची रात्र किती रुपयांना पडते ते वेगळं काढून बघा. बहुधा महाग पडते. रद्द केल्यास परतावा किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हा एक प्रश्न पैसे भरण्याआधी. तुमच्या गटातल्या माणसाची तब्येत ऐनवेळी बिघडू शकते, म्हणून नाव बदलता येतं का, हेही विचारून ठेवा.

तो मेल असा. मराठीत लिहून कुणाकडून इंग्रजी करून घ्या, आठ ओळींच्या वर नको. तुम्ही कोण, गट कुठे, किती वर्षांपासून, किती रुग्णांसोबत काम केलं, परिषदेतून नेमकं काय हवं, परत आल्यावर गटात काय सांगणार. शेवटी तीन मागण्या स्पष्ट शब्दांत: नोंदणी फी माफ करावी, प्रवासाला मदत असल्यास सांगावं, सोबतच्या एका माणसाला प्रवेश मिळावा. करुणा जागवणारी वाक्यं नकोत. 'आम्ही गरीब ग्रामीण भागातले' याने काम होत नाही, '४० रुग्ण, त्यातले ११ तोंडाच्या कॅन्सरचे' अशा ओळीने होतं. आकडे अर्थातच तुमच्या वहीतले. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर सचिवालयाच्या नंबरवर फोन करा. बहुतेक वेळा मेल कुणी उघडलेलाच नसतो.

कागद. गट नोंदणीकृत नसला तरी अडत नाही. लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर गटाचा ठराव: अमुक दोन व्यक्तींना परिषदेला पाठवत आहोत, तारीख, पाच-सहा जणांच्या सह्या. मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं किंवा ज्यांच्याकडे तुमचे रुग्ण जातात त्या कॅन्सरतज्ज्ञांचं एक ओळखीचं पत्र. या एका पत्राने निम्मी दारं उघडतात. आधार, पॅन, दोन फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक. नोंदणीकृत संस्था असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नोंदणीची झेरॉक्स. जिल्हा परिषदेत शिक्षक किंवा सरकारी नोकरीत असाल तर रजा आधी मंजूर करून घ्या. केवळ परिषदेला जायचं म्हणून संस्था नोंदवून देतो, एवढे हजार द्या, असं कुणी म्हणालं तर हात जोडा. त्याची गरज नाही.

आणि बनावट परिषदांपासून जपा. 'आपली मान्यवर वक्ता म्हणून निवड झाली आहे' असा मेल आला, विषय भलताच, शहर परदेशातलं आणि खाली शेकडो डॉलरची फी. उत्तरही देऊ नका. हा धंदा मोठा आहे. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर नियतकालिकं आणि परिषदांबाबत दिशाभूल केल्याचा खटला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चालवला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. ओळखायची साधी युक्ती: आयोजक संस्थेत किंवा रुग्णालयात फोन करून विचारा, ही परिषद तुमचीच ना? खऱ्या परिषदेमागे रुग्णालय, विद्यापीठ किंवा डॉक्टरांची संघटना असते, आणि वक्त्याकडून बोलण्याचे पैसे मागितले जात नाहीत.

प्रवास. मुखेडला रेल्वे नाही. एसटीने नांदेड, दोन तास धरा, साधं भाडं सव्वाशे ते दीडशे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचं निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. वयासाठी आधार जवळ ठेवा. नांदेडहून मुंबईला रात्रीच्या गाड्या देवगिरी, नंदीग्राम, राज्यराणी. स्लीपर चारशेच्या आसपास, थ्री एसी हजाराच्या थोडं वर. तपोवन दिवसाची आहे. मुंबईत उतरेपर्यंत रात्र होते आणि नवख्या माणसाला त्या वेळी लॉज शोधत फिरणं नको. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते, पण पहाटे पाचच्या सुमारास. मुखेडहून ती गाठायची तर आदल्या रात्री नांदेडला मुक्काम करावा लागतो. तो खर्च तिकिटावर छापलेला नसतो, पण तुमच्या खिशातूनच जातो. उदगीर तुम्हाला नांदेडपेक्षा जवळ आहे आणि तिथून बिदर-मुंबई गाडी आठवड्यातले काही दिवस असते. वार जुळला तर तीच घ्या.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी काढा. ४५ च्या पुढच्या बायका आणि ६० च्या पुढचे पुरुष यांना खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त असते, म्हणून वय बरोबर भरा. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला वरचा बर्थ म्हणजे रात्रभर जागरण. वेटिंगवर जाऊ असा हिशेब करू नका, वेटिंगच्या तिकिटावर आता आरक्षित डब्यात बसता येत नाही. एजंटने प्रत्येक तिकिटामागे दोनशे मागितले तर स्वतःच्या मोबाइलवर काढा. तिथे यूपीआयने भरलंत तर साध्या डब्याला सेवाशुल्क १० आणि एसीला २० रुपये, वर जीएसटी.

आता एक नाजूक मुद्दा. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. टू एसी आणि फर्स्ट एसीत दोघांना ५० टक्के. तुमच्यातल्या अनेकांना हे तोंडपाठ आहे. पण ही सवलत उपचाराला किंवा ठरलेल्या तपासणीला जाण्यासाठी आहे, परिषदेला नाही. 'कोण बघतंय' म्हणून वापरू नका. उद्या तुमच्याच गटातली केमोला निघालेली बाई खिडकीवर उभी राहील तेव्हा तिच्या कागदाकडे संशयाने बघितलं जाईल. सरळ मार्गाने खर्च वाचवायचा असेल तर तुमची स्वतःची टाटातली तपासणी परिषदेच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी पडेल अशी तारीख मागून घ्या. मग प्रवास खरोखर तपासणीचा होतो आणि रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर सवलत हक्काने मिळते.

मुक्कामाचंही असंच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती ही ठिकाणं तुम्हाला माहीत आहेत, तुम्हीच रुग्णांना पाठवता. ती खाट परिषदेसाठी अडवू नका. बाहेर फुटपाथवर कुणीतरी त्याच खाटेची वाट बघत असतो. आयोजकांना विचारा: नर्सिंगच्या किंवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दोन रात्रींची सोय होईल का? बऱ्याचदा होते. नाहीतर दादर-परळ भागात दोघांची साधी खोली दोन ते तीन हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी. लॉजवाले डिपॉझिट घेतात. पावती घ्या आणि खोली सोडण्याची वेळ आधी विचारा. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब, काही ठिकाणी सकाळी दहाला बाहेर. रात्रीच्या गाडीने सकाळी सहाला उतरलात आणि खोली बारापासून, तर मधले सहा तास अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात. त्याऐवजी स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरून थेट परिषदेला जा.

परळमध्ये रिक्षा नाहीत. मुंबईत सायन आणि वांद्र्याच्या पुढे रिक्षाला बंदी आहे. दादरला उतरलात तर टाटापर्यंत मीटरच्या टॅक्सीने पन्नास-साठ रुपये होतात. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ आहे. स्टेशनबाहेर 'दोनशे द्या' म्हणणारा भेटेल, त्याला 'मीटर टाका' एवढंच म्हणा. बेस्टची साधी बस १० रुपयांपासून, एसी १२ पासून. परिषद टाटाच्या खारघर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये असेल तर दादरपर्यंत येऊच नका. ठाण्याला उतरा आणि पनवेल लोकल पकडा, खारघर त्याच मार्गावर आहे. तिथे रिक्षा मिळते.

दोघांचा हिशेब मांडू, एक बाई आणि एक पुरुष. एसटी जाऊन-येऊन ३९०. स्लीपर जाऊन-येऊन १,६००. खोली दोन रात्री ५,२५०. मुंबईतलं फिरणं १,०००. परिषदेबाहेरचं खाणं १,५००. नोंदणी ३,५४० प्रमाणे दोघांची ७,०८०. पोस्टर छपाई ८००. बेरीज १७,६२०. नोंदणी माफ झाली तर १०,५४०. थ्री एसीने गेलात तर अडीच हजार वाढवा. याशिवाय तीन हजार हातात राखीव ठेवा. यात चार दिवसांचा बुडालेला रोज धरलेला नाही. तुमच्यातली एखादी मजुरीला जात असेल तर तो गटाच्या पैशातून भरून द्या, ठरावात तसं लिहा. तिने बोलून दाखवावं अशी वाट बघू नका.

पोस्टर कशाला, असं विचाराल. कारण पोस्टर स्वीकारलं गेलं तर फी माफी आणि प्रवासमदत दोन्हींची शक्यता वाढते. आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. मुखेडचेच डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडल्या, आणि तो निबंध २००५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात छापून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, हे जगाला मराठवाड्याच्या खेड्यांतून कळलं. परिषदेत प्रश्न विचारायची वेळ आली तर हाच विचारा: ती चाचणी आमच्या तालुक्यात कधी, आणि कितीला? पोस्टरसाठी तुमच्या वहीतल्या तीन गोष्टी पुरतात. गाठ दिसल्यापासून पहिली तपासणी किती दिवसांनी झाली, उपचार मध्येच कुणी सोडले, का सोडले. नाव, गाव, फोटो टाकायचा नाही. टाकायचाच असेल तर रुग्णाची मराठीत लिहिलेली, सही केलेली संमती हवी. गोषवारा पाठवायची मुदत परिषदेच्या दोन-तीन महिने आधी संपते, म्हणून पोस्टर करायचं असेल तर तयारी त्याहूनही आधी सुरू करा. पोस्टर मुंबईत छापू नका, नांदेडला छापून गुंडाळी करून न्या.

तब्येतीचं. केमो सुरू असलेल्या माणसाला नेऊ नका, गर्दीत संसर्ग पकडतो. उपचार संपले असले तरी डॉक्टरांना विचारा आणि सभागृहात मास्क लावा. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने त्या हाताने बॅग उचलायची नाही. परिषदेत जड किट मिळते, ती सोबत्याच्या खांद्यावर द्या. औषधं दोन दिवस जास्तीची, चिठ्ठीसकट. स्टोमाची पिशवी असेल तर बदलीची जागा कुठे, हे नोंदणीच्या टेबलावर आधीच विचारा, लाजू नका. तिथे सगळे डॉक्टरच असतात.

औषध कंपन्यांच्या स्टॉलवर पेन, पिशवी आणि चहा फुकट मिळतात, आणि तुमच्या गळ्यातला बॅज पटकन स्कॅन होतो. मग फोन येत राहतात. स्कॅन करू नका, असं म्हणता येतं. 'तुमच्या गटातल्या रुग्णांची यादी द्या, आम्ही मोफत शिबिर घेऊ' असं गोड बोलणं झालं तर यादी देऊ नका. नाव, नंबर, आजार ही रुग्णाची मालमत्ता आहे, गटाची नाही. कॅन्सर बरा करण्याची हमी देणारी पावडर, काढा, पाणी विकणारा कुणी बाहेर भेटलाच तर लक्षात ठेवा, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. भाषणांच्या पडद्याचे फोटो काढण्याआधी विचारा, अनेक ठिकाणी चालत नाही.

परदेशाचं थोडक्यात, कारण पहिल्या वर्षी तो विचार नको. अमेरिकेच्या कर्करोग संशोधन संघटनेचा रुग्णगटांच्या प्रमुखांना शास्त्रज्ञांशेजारी बसवणारा कार्यक्रम १९९९ पासून चालतो. सॅन अँटोनिओच्या स्तनकर्करोग परिषदेतही रुग्णप्रतिनिधींना शिष्यवृत्ती असते. अर्ज इंग्रजीत आणि स्पर्धा जगभरातली. पासपोर्ट ३६ पानी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. नांदेड आणि लातूरच्या पोस्टात केंद्र आहे, वेळ ऑनलाइन स्वतः घ्या. अमेरिकेचा व्हिसा अर्ज १८५ डॉलर, नाकारला तरी पैसे परत नाहीत. आयोजकांनी पैसे पाठवतो म्हटलं तर गटाच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी नसताना असे पैसे घेणं गुन्हा ठरू शकतो. 'तिकीट तुम्हीच काढून द्या' असं कळवा.

देशातली मदतही बहुतेक ठिकाणी आधी खर्च करा, मग घ्या अशीच असते. म्हणून पावत्या. एसटीच्या मशीनच्या तिकिटाची शाई महिनाभरात उडते, उतरल्या उतरल्या मोबाइलवर फोटो काढा. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे, लॉजचं जीएसटी नंबर असलेलं बिल तुमच्या नावावर मागा. टॅक्सीला पावती नसते, वहीत तारीख, कुठून कुठे, रुपये लिहून सोबत्याची सही घ्या. हजेरीचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी दुपारी वाटतात, ते न घेता गाडीसाठी पळू नका. दावा करताना ते नसेल तर बाकीची सगळी थैली फुकट. आल्याच्या आठवड्यातच कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि झेरॉक्सचा एक संच गटाच्या फाइलला लावा.